बीएची पहिली दोन वर्षं आणि यूजी डिप्लोमा: आर्ट्सला नव्याने येणाऱ्यांसाठी

बारावी करून आर्ट्सला येणारी मुलंमुली आणि लग्नानंतर किंवा नोकरी सांभाळून परत शिकायला निघालेल्या ताया-दादा, सगळ्यांचा एक प्रश्न हमखास असतो, की तीन वर्षं पूर्ण होतील का ह्याची काही खात्री नाही, मधेच सोडावं लागलं तर हातात काय उरणार? पूर्वी ह्याचं उत्तर होतं की एफवाय-एसवायच्या (पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या) मार्कशीट, बस. नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून तसं राहिलेलं नाही. एक वर्ष पूर्ण करून थांबलात तर यूजी म्हणजे पदवी स्तराचं सर्टिफिकेट, दोन वर्षांनी थांबलात तर यूजी डिप्लोमा, तीन वर्षांनी डिग्री आणि चौथं वर्ष केलंत तर ऑनर्स. महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांत आणि विद्यापीठाच्या विभागांत हे २०२३-२४ पासून आलं आणि बाकीच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून.

हा लेख त्या पहिल्या दोन वर्षांवर आहे, म्हणजे इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल, मानसशास्त्र, तत्त्वज्ञान, मराठी-हिंदी-इंग्रजी साहित्य ह्या विषयांची पायाभरणी जिथे होते तो काळ.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. ऍडमिशन घेताना डिग्रीच डोळ्यासमोर ठेवा, डिप्लोम्यावर थांबायचं असं आधीच ठरवून येऊ नका, कारण एमपीएससीची राज्यसेवा, यूपीएससी, बीएड, बँकेतली पीओची पोस्ट ह्या सगळ्याला डिग्री लागते आणि तिथे डिप्लोमा चालत नाही. पण परिस्थितीच अशी आली की थांबावं लागतंय, तर गुपचूप कॉलेजला जायचं बंद करू नका. रीतसर कागद घेऊन थांबा म्हणजे परत यायचा रस्ता उघडा राहतो. कितीतरी हुशार मुली एसवाय झाल्यावर लग्न ठरलं म्हणून नुसत्या यायच्या बंद होतात, कोणी त्यांना सांगतच नाही की बाई तुझी दोन वर्षं जमा आहेत, ती नावावर करून घे.

आधी क्रेडिटचा हिशोब समजून घ्या

पहिल्या दिवसापासून कानावर क्रेडिट क्रेडिट पडणार आहे. थिअरीचा १ क्रेडिट म्हणजे सेमिस्टरमध्ये १५ तासांचं शिकवणं आणि प्रॅक्टिकल किंवा फिल्डवर्कचा १ क्रेडिट म्हणजे ३० तास. आपल्याकडे एका सेमिस्टरला साधारण २२ क्रेडिट असतात, म्हणजे वर्षाला ४४, दोन वर्षांचे ८८ आणि तीन वर्षांचे १३२. डिप्लोमा घेऊन थांबायचं असेल तर ह्या ८८ च्या वर आणखी ४ क्रेडिटचा एक व्यावसायिक कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागते, ती साधारण उन्हाळ्याच्या सुट्टीत होते. हे ४ क्रेडिट लोक विसरतात आणि मग ऑफिसात गेल्यावर कळतं की डिप्लोमा असा आपोआप मिळत नसतो.

क्रेडिट जमा कुठे होतात तर अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, सगळे एबीसी म्हणतात. डिजिलॉकरवरून १२ अंकी आयडी काढायचा, आता त्याला अपार आयडी पण म्हणतात. हा आयडी काढताना एक गोष्ट नक्की बघा, आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं आणि आधारवर बहुतेकदा नाव-वडिलांचं नाव-आडनाव असं असतं, त्यात स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे असेल किंवा लग्नानंतर आधारवर नाव बदललेलं असेल तर डेटा जुळत नाही आणि तुमचे मार्क विद्यापीठाकडे असूनही खात्यावर क्रेडिट दिसत नाहीत. दहावीच्या मार्कशीटप्रमाणे सगळीकडे नाव करून घ्यायचं काम ऍडमिशनच्या आधीच उरका, नंतर परीक्षेच्या गडबडीत ते होत नाही.

कॉलेज रेग्युलर करायचं का बाहेरून

रोज जाता येत असेल तर रेग्युलरच करा. वर्गात शेजारी बसलेल्याचं मत आपल्यापेक्षा वेगळं असतं आणि त्याच्याशी वाद घालताना जेवढं समाजशास्त्र कळतं तेवढं नोट्समधून कळत नाही. कॉलेज निवडताना बिल्डिंग बघू नका, तीन गोष्टी विचारा. तुम्हाला हव्या असलेल्या विषयाला कायमचे सर-मॅडम आहेत का, लायब्ररीत पुस्तकं घरी देतात का, आणि तिसऱ्या वर्षाला तो विषय मेजर म्हणजे मुख्य विषय म्हणून सुरू आहे का. तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. पहिल्या वर्षी सात-आठ विषय दाखवतात आणि पुढे विद्यार्थी कमी म्हणून त्यातले दोन-तीनच चालू राहतात, असं लहान गावांत सर्रास होतं.

नोकरी आहे, शेती आहे, लहान बाळ आहे, त्यांच्यासाठी दूरशिक्षण. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून हेच काम करतंय आणि त्यांची अभ्यास केंद्रं तालुक्या-तालुक्यात आहेत. इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) पण आहे, तिथे असाइनमेंट वेळेवर दिल्या नाहीत तर पुढे निकाल अडकतो एवढं लक्षात ठेवा. मुंबई, पुणे, कोल्हापूर ह्या विद्यापीठांचे स्वतःचे दूरशिक्षण विभाग आहेत. फक्त दोन गोष्टी करा. कोणत्याही दूरशिक्षणाच्या कोर्सला त्या वर्षाची यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्यता आहे का हे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या वेबसाइटवर स्वतः बघा, एजंट काय सांगतो त्याच्यावर जाऊ नका. आणि मधे थांबून डिप्लोमा मिळायची सोय त्या कोर्सला आहे का, हे त्यांच्या माहितीपुस्तिकेत वाचा, नसेल छापलं तर केंद्रावर विचारून लेखी घ्या.

अजून एक, २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन कोर्स करायला परवानगी दिलेली आहे, एक रेग्युलर आणि एक दूरशिक्षणाचा किंवा दोन्ही दूरशिक्षणाचे. आयटीआय संपवून नोकरीला लागलेले किंवा दुसरा काही कोर्स करणारे बरेच जण बीए बाहेरून करतात ते चांगलंच आहे, पण दोन्हीच्या परीक्षांच्या तारखा एकमेकांवर येतात का ते बघून घ्या.

कागदपत्रं आणि पैसे

दहावी आणि बारावीची मार्कशीट, लिव्हिंग सर्टिफिकेट म्हणजेच टीसी, आधार, फोटो, लागू असेल तर जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, उत्पन्नाचा दाखला. दुसऱ्या बोर्डातून आला असाल तर मायग्रेशन. मधे वर्षं गेली असतील तर गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात, ते तहसीलच्या बाहेर किंवा सेतूत करून मिळतं. सगळ्याच्या चार-चार झेरॉक्स आणि मोबाईलमध्ये स्कॅन, आणि ओरिजिनल टीसी देताना त्याची झेरॉक्स स्वतःकडे ठेवाच कारण तो परत मिळायला वेळ लागतो.

उत्पन्नाचा दाखला निकालाच्या आधीच काढून ठेवा, जूनमध्ये सेतूत उभं राहायला जागा नसते. शिष्यवृत्तीचे फॉर्म महाडीबीटी पोर्टलवर भरायचे. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक आहे, तिला पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. खुल्या गटातल्या आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिची मर्यादा ८ लाख. बाकीच्या प्रवर्गांच्या वेगळ्या योजना त्याच पोर्टलवर आहेत. बँक खातं आधारला नुसतं जोडलेलं असून चालत नाही, थेट लाभासाठी तेच खातं सीड झालेलं लागतं, म्हणजे सरकारी पैसे त्याच खात्यात यायची नोंद लागते, ते बँकेत जाऊन विचारा. आणि फॉर्म भरला की काम संपलं असं समजू नका, तो कॉलेजच्या लॉगिनला अडकून राहतो, दर आठवड्याला स्टेटस बघायचं आणि ऑफिसात जाऊन आठवण करायची, ह्यात लाजायचं काही नाही.

ऍडमिशन झाल्यावर पीआरएन म्हणजे विद्यापीठाचा कायमचा नोंदणी नंबर मिळतो. तो पाठ करा. पुढे सगळं त्याच्यावरच चालतं.

विषय निवडताना

नवीन पॅटर्नमध्ये बऱ्याच कॉलेजांत पहिल्या वर्षी तीन विषय सारख्या क्रेडिटचे घ्यायचे आणि दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर, एक मायनर म्हणजे दुय्यम करायचा असं आहे. त्याच्या बाजूने छोटे छोटे पेपर असतात, दुसऱ्या शाखेतला एक ओपन इलेक्टिव्ह, भाषा, पर्यावरण किंवा संविधानासारखा मूल्यशिक्षणाचा पेपर, भारतीय ज्ञानप्रणाली, एखादं कौशल्य, एनएसएस नाहीतर खेळ. ह्या लहान पेपरांना हलकं घेतात आणि एटीकेटी (विषय राहिला तरी पुढच्या वर्गात जाऊन तो नंतर सोडवणं) नेमकी त्यातच लागते, कारण तासाला कोणी बसत नाही आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पण तो कोणी वाचत नाही. २ क्रेडिटचा पेपर राहिला तरी ८८ पूर्ण होत नाहीत.

तीन मुख्य विषय निवडताना सोपा कोणता ह्यापेक्षा, तुम्ही घरी पेपर आल्यावर आधी काय वाचता ते बघा. बाजारभाव आणि बजेट वाचत असाल तर अर्थशास्त्र घ्या, त्याला थोडं गणित लागतं पण दहावीचं गणित येत असेल तर जमतं. निवडणुकीच्या बातम्या वाचत असाल तर राज्यशास्त्र. गावात कोणाचं कोणाशी का पटत नाही, लग्नं कुठे जुळतात, शहरात गेलेली माणसं सणाला परत का येतात हे प्रश्न पडत असतील तर समाजशास्त्र, आणि हा विषय आपल्याकडे उपरा नाही हे लक्षात ठेवा, मुंबई विद्यापीठात १९१९ सालीच त्याचा विभाग सुरू झाला, पॅट्रिक गेडिसनंतर गो. स. घुर्ये यांनी तो वाढवला आणि त्यांच्याकडे शिकलेल्या इरावतीबाई कर्व्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात राहून महाराष्ट्रातल्या आणि देशातल्या नात्यागोत्यांचा अभ्यास केला. मानसशास्त्र घ्यायचं असेल तर समजून घ्या की त्यात आकडेवारी आणि प्रयोग येतात, नुसतं लोकांची मनं ओळखणं असा तो विषय नाहीये. स्पर्धा परीक्षेसाठी म्हणून इतिहास-भूगोल-राज्यशास्त्र घेणारे खूप आहेत, चालेल, पण परीक्षेच्या क्लासची पुस्तकं आणि बीएचा अभ्यास ह्यांची पद्धत वेगळी आहे. तिथे तारीख विचारतात, इथे त्या तारखेला तसं का घडलं हे विचारतात.

एकच गोष्ट वेगवेगळ्या विषयांतून बघायला शिका

आता मुद्द्याचं. माझ्या मते पहिल्या दोन वर्षांत शिकायची खरी गोष्ट एवढीच आहे, की एखाद्या घटनेला योग्य प्रश्न कसा विचारायचा. प्रत्येक विषय म्हणजे प्रश्न विचारायची एक रीत. उदाहरण घेऊन सांगते कारण असं हवेत बोलून कळत नाही.

१९७२ चा दुष्काळ घ्या. तुमच्या घरात सत्तरीच्या पुढचं कोणी असेल तर त्यांना हा शब्द उच्चारा आणि बघा, रेशनची मिलो ज्वारी, मदत म्हणून मिळणारी सुकडी, खडी फोडणं, सगळं निघतं.

भूगोलवाला विचारणार की हा दुष्काळ नगर, सोलापूर, बीड, धाराशिव, सांगलीचा पूर्व भाग ह्याच पट्ट्यात एवढा का बसला, मग सह्याद्रीच्या पलीकडचा पर्जन्यछायेचा प्रदेश, जमिनीची खोली, विहिरींचं पाणी हे सगळं येतं. आणि एकच पावसाळा गेला का त्याच्या आधीची एक-दोन वर्षंही वाईट होती, हेही त्याला बघावं लागतं.

अर्थशास्त्रवाल्याचा प्रश्न वेगळा. पीक गेलं म्हणजे नुसतं धान्य गेलं असं नाही, शेतमजुराचं कामच गेलं, मजुरी गेली, मग दुकानात धान्य असलं तरी घ्यायला पैसा नाही. अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी दुष्काळांबद्दल हेच मांडलंय की अन्न कमी पडण्याइतकंच, ते मिळवायची माणसाची ऐपत जाणं हे उपासमारीचं कारण असतं. एकदा हे डोक्यात बसलं की दुष्काळी कामं काढून लोकांच्या हातात मजुरी देणं एवढं महत्त्वाचं का होतं ते लगेच कळतं.

राज्यशास्त्रवाला विचारणार की सरकारने असं काम द्यायचं का ठरवलं, लोकांनी मागितलं म्हणून का, मोर्चे निघाले म्हणून का, निवडून यायचं असतं म्हणून का. मुख्यमंत्री तेव्हा वसंतराव नाईक, विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे, रोजगार हमीची कल्पना पागे यांनी लावून धरली. पुढे १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम हा हक्क कायद्यात येणं आणि सरकारने दया म्हणून काम देणं ह्यात फरक काय, हा एक प्रश्न घेऊन तुम्ही राज्यशास्त्राचं अर्धं पुस्तक वाचू शकता. केंद्राचा ग्रामीण रोजगार हमीचा कायदा २००५ साली आला, त्याच्या कितीतरी आधी हे महाराष्ट्रात घडलं.

समाजशास्त्रात विचारायचं की त्या कामांवर कोण गेलं. बाया मोठ्या संख्येने गेल्या, मग घरातल्या पैशावर त्यांचा हात आला का? ज्यांनी कधी दुसऱ्याच्या बांधावर काम केलं नव्हतं असे शेतकरी आणि भूमिहीन मजूर एकाच कामावर आले तेव्हा पाणी प्यायला एकाच घागरीतून घेत होते का? कोण मुंबई-पुण्याला गेलं आणि कोण परत आलंच नाही?

आणि इतिहासवाला मागे जाणार. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ, तेव्हा इंग्रज सरकारने काढलेली कामं, पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडलेली गाऱ्हाणी, १८८० चा दुष्काळ आयोग आणि त्यातून झालेले नियम. मग तो विचारणार की १९७२ ची पद्धत ह्या जुन्या नियमांवरूनच आली होती का तिच्यात खरंच काही नवीन होतं.

बघा, घटना एकच आहे आणि प्रश्न केवढे वेगळे. आता तुम्ही कोणताही टॉपिक घ्या, उसाचा दर, मराठी शाळा बंद पडणं, गावातून मुलींचं कॉलेजला एसटीने जाणं, आणि प्रत्येक विषयाचा एक प्रश्न लिहून बघा. वहीचं एक पान ह्यासाठी ठेवा. वर्गात असे प्रश्न विचारणारा विद्यार्थी सरांना लगेच लक्षात राहतो आणि पुढे पुस्तकं द्यायला, मार्गदर्शन करायला ते स्वतःहून पुढे येतात.

वाचायचं कसं

सिलॅबस विद्यापीठाच्या वेबसाइटवर असतो, तो पहिल्याच आठवड्यात डाउनलोड करा, प्रिंट काढा, वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. शेवटी संदर्भग्रंथांची यादी असते, तिच्याकडे कोणी बघत नाही पण खरा खजिना तिथे आहे. गाईड वाचू नका असं मी म्हणणार नाही, परीक्षेच्या वेळी सगळेच वाचतात, फक्त गाईडने सुरुवात करू नका. आधी प्रकरण मूळ पुस्तकातून एकदा वाचा, नाही कळलं तरी चालेल, मग गाईड वाचलंत तर त्यात काय सुटलंय ते तुम्हालाच दिसेल.

फुकट आणि भरवशाचं मराठी साहित्य भरपूर आहे. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, कोणत्याही संकल्पनेची सुरुवात तिथून करा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात. तुमच्या जिल्ह्याचं गॅझेटियर ऑनलाइन वाचता येतं आणि आपल्याच तालुक्याबद्दल त्यात काय काय लिहिलंय हे बघून मजा येते. बाबासाहेब आंबेडकरांचं इंग्रजी लिखाण आणि भाषणं राज्य सरकारने खंडांत छापलीत, तीही उपलब्ध आहेत, आणि मूळ विचारवंत वाचायची सुरुवात कुठून करू असं कोणी विचारलं तर मी त्यांचा १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेला जातींवरचा निबंध सांगते, कारण तो लहान आहे आणि एक विधान करून ते पायरी पायरीने सिद्ध कसं करायचं हे त्यात स्पष्ट दिसतं. पीएचडीचे प्रबंध शोधगंगावर असतात, मराठीतलेही खूप आहेत. स्वयम पोर्टलवर व्हिडिओ लेक्चर आहेत आणि कॉलेजने मान्य केलं तर तिथल्या कोर्सचे क्रेडिट पण तुमच्या खात्यात येऊ शकतात, पण आधी विचारून घ्या मग परीक्षेची फी भरा.

इंग्रजीची भीती बाळगू नका. बीएचे बहुतेक पेपर मराठीत लिहिता येतात आणि जी भाषा तुमच्या विचाराची आहे त्याच भाषेत लिहा. पण वाचायला इंग्रजी हळूहळू सुरू करा, रोज एक पान, डिक्शनरी घेऊन, सहा महिन्यांत फरक पडतो. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत, प्रत्येक विषयाचा वेगळा.

लिहायचं कसं

बारावीपर्यंत आपण पाठ करून लिहितो. इथे तेवढ्याने पास व्हाल, चांगले मार्क पडणार नाहीत. उत्तराच्या पहिल्या दोन ओळीत तुमचं म्हणणं काय आहे ते यायला पाहिजे. मग कारणं, प्रत्येक कारणाला एक उदाहरण, शक्यतो आपल्याकडचं. मग ह्याच्या उलट कोणी काय म्हणतं ते, आणि ते तुम्हाला का पटत नाही किंवा कितपत पटतं. एवढं असलं की दहा मार्कांचं उत्तर उभं राहतं. नुसते विचारवंतांच्या व्याख्या एकाखाली एक लिहून पान भरू नका, एक व्याख्या पुरते, ती फोडून सांगा.

महिन्याला एक तरी उत्तर लिहून सरांना किंवा मॅडमना दाखवा आणि लाल पेनाने मारलेल्या खुणांचं वाईट वाटून घेऊ नका, त्या खुणांसाठीच कॉलेज आहे. अंतर्गत परीक्षेचे मार्क म्हणजे चाचणी, असाइनमेंट, प्रेझेंटेशन, ह्यांचं प्रमाण प्रत्येक विद्यापीठात वेगळं आहे पण सगळीकडे एक गोष्ट सारखी, अंतर्गतमध्ये गैरहजर असलात तर लेखीत कितीही चांगलं लिहा, निकाल अडकतो.

असाइनमेंट एआयकडून लिहून घ्यायची सवय आता सगळीकडे लागलीय. माझी कळकळीची विनंती आहे, निदान पहिली दोन वर्षं हे करू नका. एक तर ते अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची नावं बिनधास्त देतं आणि मराठीतल्या अभ्यासकांबद्दल तर फारच चुकतं, आणि दुसरं म्हणजे वाक्य जुळवताना जो विचार होतो तोच तर शिकायचाय. अवघड इंग्रजी उतारा समजून घ्यायला वापरा, मग मूळ उतारा परत वाचा. दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर अवतरणात टाका आणि कोणाचं ते लिहा, कॉपी न करण्याचा साधा नियम हाच.

फिल्ड प्रोजेक्ट

दुसऱ्या वर्षी फिल्ड प्रोजेक्ट आणि समाजाशी संबंधित काम येतं. हे सगळ्यात आवडीने करा. लांबचा विषय घेऊ नका. "भारतातील महिलांची स्थिती" असला विषय घेतला की नेटवरून उतरवण्याशिवाय गत्यंतर राहत नाही. "आमच्या गावातल्या १९७२ च्या आठवणी", "आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बायका", "आमच्या वाडीतून शिकायला बाहेर जाणाऱ्या मुली" असं काहीतरी घ्या, जिथे तुम्ही चालत जाऊ शकता.

मुलाखत घ्यायला जाल तेव्हा आधी कशासाठी विचारतोय ते नीट सांगा आणि परवानगी घ्या, रेकॉर्ड करायचं असेल तर वेगळी परवानगी. म्हाताऱ्या माणसांकडे सकाळचं काम आटोपल्यावर किंवा दुपारच्या चहाच्या वेळी जा. "तेव्हा खूप त्रास झाला ना?" असा प्रश्न विचारू नका, त्याचं उत्तर हो एवढंच येतं. "त्या वर्षी घरात सकाळी काय शिजायचं?" असं विचारा, मग बघा आजी कशा बोलायला लागतात. त्या जे बोलल्या तेच त्यांच्या शब्दात लिहा, बोलीतलं तसंच ठेवा, शुद्ध करायला जाऊ नका. तारीख, गाव, अंदाजे वय लिहा आणि अहवालात खरं नाव टाकायचं का नाही ते त्यांनाच विचारा. जातीबद्दल, जमिनीच्या भांडणाबद्दल कोणी काही बोललं तर ते गावात दुसरीकडे सांगत फिरू नका, त्या माणसाला तिथेच राहायचंय. दोन जणांनी एकाच गोष्टीबद्दल वेगवेगळं सांगितलं तर गोंधळून जाऊ नका, दोन्ही लिहा आणि फरक का असेल त्यावर एक परिच्छेद लिहा, तुमच्या प्रोजेक्टमधला सगळ्यात चांगला परिच्छेद तोच असेल.

आकडे लागले तर २०११ च्या जनगणनेत गावनिहाय माहिती मिळते, ग्रामपंचायतीत आणि तलाठ्याकडे पण बरंच असतं, कॉलेजचं पत्र घेऊन जा म्हणजे कोणी परत पाठवत नाही.

थांबायची वेळ आली तर

चौथ्या सेमिस्टरमध्ये, म्हणजे परीक्षा संपायच्या आतच, कॉलेजच्या परीक्षा विभागात जाऊन सांगा की मला दोन वर्षांवर बाहेर पडायचंय. चारही सेमिस्टर पास पाहिजेत, एकही एटीकेटी राहिलेली चालणार नाही, ८८ क्रेडिट एबीसीच्या खात्यावर दिसले पाहिजेत. जे दिसत नसतील त्यांचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. वर सांगितलेला ४ क्रेडिटचा कोर्स किंवा इंटर्नशिप कुठे करायची आणि कोणती धरतात ते आधी विचारा, कारण बाहेरच्या कुठल्याही संस्थेचं सर्टिफिकेट मान्य होत नाही. मग विद्यापीठाच्या पद्धतीने अर्ज आणि फी.

परत यायचं असेल तर बाहेर पडल्यापासून तीन वर्षांच्या आत पुन्हा प्रवेश घेता येतो आणि सगळं मिळून जास्तीत जास्त सात वर्षांत डिग्री पूर्ण करायची असते. थेट तिसऱ्या वर्षाला बसता येतं, पहिल्यापासून करायची गरज नाही. बाळ लहान असेल, घरच्यांचं आजारपण असेल, पैशाची अडचण असेल, तर तीन वर्षांत यातलं बरंच मार्गी लागू शकतं, म्हणून बाहेर पडताना ती शेवटची तारीख काढून घरच्या कॅलेंडरवर आणि मोबाईलमध्ये दोन्हीकडे टाकून ठेवा. मधल्या काळात सिलॅबस बदलला असेल तर एखादा जास्तीचा पेपर द्यावा लागू शकतो, त्याची तयारी ठेवा. दुसऱ्या गावात राहायला गेलात तर तिथल्या कॉलेजात ह्या क्रेडिटवर प्रवेश मिळतो का ते विचारा, एबीसीची सोय त्यासाठीच केलीय, फक्त तिथे तुमचा मेजर विषय शिकवला जातो का आणि तिसऱ्या वर्षाला जागा शिल्लक आहे का हे फोनवर न विचारता प्रत्यक्ष जाऊन बघा.